फाटकावरची वही
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आज सकाळी फाटकावर रखवालदारांनी मला अडवलं. नाव, फोन, कोणाकडे काम, सगळं वहीत लिहा म्हणाले. मी जरा घुश्शातच म्हटलं, "अहो, मी इथलीच आहे." ते शांतपणे म्हणाले, "ताई, इथल्या म्हणजे कधीच्या?" मी मुकाट्याने सही केली.

तुमच्यातलेही काहीजण त्या वहीवरून कुरकुरत होते. आपल्या वेळी मागच्या भिंतीला भगदाड होतं. बोरं आणायला आपण त्यातून जायचो आणि कोणीही त्यातून आत यायचं. आपलं काही बिघडलं नाही, हे खरं. पण ते आपलं नशीब.

वकिलीत या प्रश्नाशी माझा संबंध येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे फौजदारीपात्र अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण नुसतं आत येणं हा या कलमाखाली गुन्हा होत नाही. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा इरादा दाखवावा लागतो. शाळा-पाळणाघरांसाठी त्यात वेगळी तरतूद नाही.

इरादा कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. एका बालवाडीच्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. एक माणूस रोज ओट्यावर येऊन बसायचा, जा म्हटलं की हसायचा. पोलीस विचारत, "त्याने केलं काय?" मी म्हटलं, दोघांसमोर त्याला बजावा आणि तारीख-वेळ लिहून ठेवा. चौथ्या नोंदीनंतर तक्रार घेतली गेली. वहीचा उपयोग हा असा असतो.

वहीने सगळं थांबत नाही. बदलापूरच्या २०२४ मधल्या प्रकरणात आरोप शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यावर होता. म्हणून आतल्या माणसांचीही पडताळणी हवीच.

आपली बॅच शाळेला काय देणार, याची चर्चा चालू आहे. कुणी कमान म्हणतंय, कुणी घड्याळ. मघाशी मी मागे जाऊन आले. ते भगदाड अजून तसंच आहे. आधी ते बुजवूया.

आणि पुढच्या वेळी येताना माजी विद्यार्थी म्हणून सूट मागू नका. "मी इथलाच" एवढ्यावर आपल्याला सोडलं, तर तेच म्हणणाऱ्या दुसऱ्या माणसालाही ते सोडतील. सही करायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं या पोरांसाठी करूया.