ओळखीचं दुकान आणि पक्कं बिल

लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात. एका दुकानात जमलं नाही, तर शेजारच्या रस्त्याला वळता येतं. तरीही गिऱ्हाईक वर्षानुवर्षं त्याच दुकानाची पायरी चढतं. सोयाबीन विकेपर्यंत थांबणारी उधारी, हे मराठवाड्यातलं जुनं बक्षीस. पॉइंट आणि कूपनं फार नंतर आली.

सराफाची भिशीही त्यातलीच. अकरा हप्ते आपले, बारावा बहुधा दुकानदाराचा. योजना आकर्षक, पण पैसे आधी जातात आणि सोनं नंतर येतं. म्हणून प्रत्येक हप्त्याची पावती घ्या, घडणावळ किती लागणार तेही लिहून घ्या.

नांदेडच्या वजिराबादेत काय नि गोलाईत काय, ओळखीच्या दुकानदाराकडे बिल मागायला आपण उगाच लाजतो. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेणार नाही’ ही पाटीही सदोष मालाला चालत नाही. बिलावर मुदत दिली नसेल, तर असा माल 30 दिवसांत परत करता येतो. दुकानदारानं ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915.