भीमेकाठची मुघल छावणी

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कामगार मित्रांना मुघल इतिहास पाहायला आग्र्यालाच जावं लागतं असं नाही. सुटीच्या सकाळी आधी सोलापूरचा भुईकोट किल्ला पाहा. तो बहमनी काळातला. पण १६८५ मध्ये विजापूरच्या मोहिमेसाठी औरंगजेब सोलापुरात मुक्कामाला होता. मग मंगळवेढा रस्त्यानं माचणूर गाठा. हीच तेव्हाची ब्रह्मपुरी. १६९५ ते १६९९ बादशहाची छावणी इथंच होती, दिल्लीच्या तख्ताचा कारभार भीमेच्या काठावरून चालायचा! माचणूरच्या किल्ल्याची तटबंदी नदीच्या बाजूनं ढासळली आहे, मुलांना कडेला जाऊ देऊ नका. शेजारी सिद्धेश्वराचं देखणं मंदिर आणि घाट आहे. गावातला एखादा जाणकार सोबत घ्याच; छावणीचा पसारा त्याच्याकडूनच नीट समजतो.