'पार' आणि सर्वसाधारण खेळाडू



गोल्फ हा खेळ खेड्यातील शाळेच्या पटांगणास अपरिचित आहे. काठीने चेंडू मारीत तो अठरा खळग्यांत क्रमाने घालावयाचा. ज्याचे फटके कमी तो जिंकला. प्रत्येक खळग्यास फटक्यांची जी संख्या नेमलेली असते तिला 'पार' म्हणतात. अठरांची बेरीज बहुधा ७२ भरते.

'पार' म्हणजे सर्वसाधारण खेळाडूचा आकडा, असे वरवर पाहता वाटते. तो तसा नव्हे. १८७० साली स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे स्पर्धेपूर्वी दोन धंदेवाईक खेळाडूंस विचारण्यात आले की, चूक न करता खेळल्यास तेथील बारा खळग्यांस किती फटके लागावेत? त्यांनी ४९ सांगितले. म्हणजे तीन फेऱ्यांस १४७. त्या वर्षीचा विजेता धाकटा टॉम मॉरिस यास १४९ लागले, आणि तरीही तो इतरांच्या १२ फटके पुढे होता! निर्दोष खेळाचे हे माप पुढे सर्वांच्या पत्रकावर छापले गेले. पारपेक्षा एक फटका अधिक लागला की त्यास 'बोगी' म्हणतात (आगगाडीच्या डब्याशी या शब्दाचा संबंध नाही), आणि हौशी खेळाडूंपैकी बहुतेकांना खळग्यामागून खळगा बोगी किंवा त्याहून अधिकच लागतात.

तथापि याच खेळाने सामान्य खेळाडूसाठी 'हँडिकॅप' नावाची सवलत योजिली आहे, आणि तिचे गणित शिक्षकाने पाहण्याजोगे आहे. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत खेळाडूच्या शेवटच्या वीस फेऱ्या घेतात; त्यांतील उत्तम आठांचीच सरासरी काढतात. उरलेल्या बारा हिशेबाबाहेर राहतात. शिवाय एखाद्या खळग्यावर घात झाला तर त्याचीही मर्यादा आहे. ज्याला दर खळग्यास एक फटका सवलत, त्याने चार पारच्या खळग्यावर दहा फटके घेतले, तरी हँडिकॅपच्या हिशेबात सातच धरतात. स्पर्धेचा निकाल वेगळा. तेथे दहाचे दहा मोजले जातील. येथे प्रश्न त्याची कुवत कळण्याचा असतो.

गुणपत्रकात सरासरी काढताना मात्र सारेच आकडे एकत्र मिळविले जातात. समजा, एखाद्या मुलाला गणिताच्या चार चाचण्यांत ६०, ५५, ६५ आणि ६० गुण मिळाले. पाचवीच्या दिवशी तो तापाने फणफणत होता, म्हणून तेथे शून्य मांडले गेले. त्याची सरासरी ४८ येते. त्या मुलाने ४८ गुण कधीच मिळविलेले नसतात. पण पुढील वर्गाच्या शिक्षकापुढे पत्रक येते ते तेवढाच आकडा घेऊन, आणि तो मुलाला मागच्या बाकावर बसवितो.