व्हिडिओ मागायचे ग्रंथालयात



आपल्या गटांमध्ये आज पदवीचा अभ्यास करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. कुणाचं शिक्षण लग्नामुळे सुटलं होतं, कुणाचं घरच्या अडचणीमुळे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं आणि घर, शेत सांभाळून शिकायची वाट खुली झाली. पण पुस्तकं घरी आली तरी समजावून सांगणारं माणूस काही घरी येत नाही. वर्ग असतो रविवारी, आणि कांदा काढणीही नेमकी त्याच रविवारी निघते. अशा वेळी शिकवण्याचा व्हिडिओ मोठा आधार होतो.

आमच्या ओळखीच्या दोघींनी 'बी.ए.चे सगळे व्हिडिओ' म्हणून एका एजंटाकडून दीड हजाराला पेनड्राइव्ह घेतला. उघडून बघितला, तर निम्मे व्हिडिओ भलत्याच विषयाचे आणि उरलेले फुकट मिळणारे! दीड हजार म्हणजे आपल्या किती महिन्यांची बचत, ते तुम्हीच मोजा. म्हणून आम्ही सांगतो, आधी ग्रंथालयात विचारा.

विद्यापीठाचं ग्रंथालय म्हणजे नुसती पुस्तकांची कपाटं नव्हेत. काही व्हिडिओ आणि मासिकं विद्यापीठ पैसे भरून घेतं. ती उघडायला लॉगिन लागतं आणि ते नोंदणी असलेल्या विद्यार्थ्यालाच मिळतं. बऱ्याच ठिकाणी ते घरूनही चालतं. आपण फी भरतो, म्हणजे विचारायचा हक्क आपला आहे.

जाताना तीन गोष्टी न्या: ओळखपत्र, विषयाचं पूर्ण नाव आणि अभ्यासक्रमाचा कागद. 'इतिहासाचे व्हिडिओ द्या' म्हटलं तर ग्रंथपालही गोंधळतील. घटकाचं नाव सांगितलं की शोध लवकर लागतो. विद्यापीठ लांब असेल तर अभ्यासकेंद्रात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारा.

काही दारं तर सगळ्यांसाठी उघडी आहेत. केंद्र सरकारचं 'स्वयम्' २०१७ साली सुरू झालं. त्यात व्हिडिओ, वाचायचा मजकूर, सरावाचे प्रश्न आणि शंका विचारायची जागा, असं सगळं असतं. शिकायला पैसे नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क लागतं. त्याचे गुण पदवीत धरले जातील का, हे नाव नोंदवण्याआधी आपल्या केंद्रात विचारून घ्या. दुसरं दार म्हणजे खरगपूरच्या आयआयटीने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय. तिथं विषय टाकून फक्त व्हिडिओ वेगळे काढता येतात.

आणि ज्या वाडीवर रेंजच नाही, तिथं? 'स्वयंप्रभा' या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर दिसतात. त्यांना इंटरनेट लागत नाही. दिवसातला नवा कार्यक्रम त्याच दिवशी पुन्हा पुन्हा दाखवतात. सकाळची वेळ धारेत गेली तरी रात्री बघता येतो. बरेच कार्यक्रम हिंदी किंवा इंग्रजीत असतात. म्हणून आधी मराठी पुस्तकातला धडा वाचा, मग व्हिडिओ बघा. अर्थ लागत जातो.

मोबाइल बहुतेक घरांत नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात असतो, हे आम्हाला माहीत आहे. त्यावर आमच्या गटांनी एक सोय केली आहे. तालुक्याला जाणारी ताई ग्रंथालयाच्या वाय-फायवर, ज्यांना परवानगी आहे असे व्हिडिओ ऑफलाइन ठेवून आणते. बैठकीचा हिशेब झाला की सगळ्या मिळून अर्धा तास बघतात आणि मध्येच थांबवून बोलतात. रिचार्जही वाचतो आणि एकटीला न समजलेलं चौघींत समजतं. फक्त ग्रंथालयाचं लॉगिन दुसरीला देऊ नका. ते ज्या ताईच्या नावावर आहे तिचंच.

पुढच्या बैठकीत कर्जहप्त्यांच्या वहीशेजारी एक कागद ठेवा. कोण काय शिकते आणि कुठला धडा अडला आहे, ते त्यावर लिहा. तो कागद घेऊन दोघी ग्रंथालयात जा. एकटीला विचारायला संकोच वाटतो, दोघी असलं की तोंड उघडतं.