परदेशांतील खातें आणि सहीचा अधिकार

परमुलखांतील पेढीवर द्रव्य ठेवणें सोपें आहे; तें पुन्हां हातीं येणें मात्र खात्यावर नांव कोणाचें व सही कोणाची यावर अवलंबून असतें. या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडतें, याचें उदाहरण बीड जिल्ह्यांतील श्रोत्यांस दूर शोधावयास नको.

१९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. आष्टीपलीकडे अहमदनगर जिल्ह्यांत इंग्रजी रुपया चाले, अलीकडे हाली शिक्का. बीडच्या रयतेचा सारा हैदराबादच्या खजिन्यांत जाई, आणि त्या सरकारचें एक खातें लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेंत होतें.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें. १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. पुढें तीनच दिवसांनीं, २० तारखेस, त्या खात्यांतील १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानचे लंडनमधील हायकमिशनर हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नांवें वळते झाले! हुकूम होता संस्थानचे मंत्री मोईन नवाज जंग यांचा. त्यांस खात्यावर सही करण्याचा अधिकार होता. बँक अधिकृत सही ओळखते. सहीमागील मालकाचें मन तिला दिसत नाहीं.

२७ सप्टेंबरला निजामानें, हें आपल्या अनुमतीवांचून झालें, असें कळवून रक्कम परत मागितली. परंतु नव्या खातेदाराच्या संमतीवांचून ती देण्यास बँक तयार होईना. १९५४ मध्यें निजामानें दावा लावला. १९५७ मध्यें लॉर्डांच्या सभेनें ठरविलें कीं, परकी सार्वभौम राष्ट्राला इंग्लंडच्या न्यायालयांत असें खेंचतां येत नाहीं. द्रव्य तेथेंच अडकलें. पुढें २०१३ मध्यें पाकिस्ताननें स्वतःच न्यायालय गांठलें आणि तो अडसर दूर झाला. २ ऑक्टोबर २०१९ रोजीं न्यायमूर्ति मार्कस स्मिथ यांनीं निजामाचे वारस व भारत सरकार यांच्या बाजूनें निकाल दिला. तोंवर रक्कम सुमारें साडेतीन कोटि पौंड झाली होती. पण दावा लावणारा निजाम १९६७ मध्येंच निवर्तला होता.

आज बीडच्या एखाद्या कंपनीस परदेशीं खातें उघडावयाचें झाल्यास १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा आधीं पाहावा लागतो. तेथील बँक नोंदणीचा दाखला, खऱ्या मालकांचीं ओळखपत्रें आणि संचालक मंडळाचा ठराव मागते. यांपैकीं ठराव हाच खरा पहारेकरी होय. सही कोणीं करावी, किती रकमेपर्यंत करावी, मोठ्या रकमेस दोघांच्या सह्या लागाव्यात कीं नाहीं, हें त्यांत स्पष्ट असावें. अधिकारी बदलला कीं त्याच दिवशीं बँकेस लेखी कळवून पोंच घ्यावी. एक कागद वेळेवर न पोंचल्यास काय होतें, तें लंडनच्या त्या खात्यानें एकाहत्तर वर्षें दाखविलें आहे.