तारेचा पीळ
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी शाळेच्या संगणक-खोलीत किती गर्दी होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. अर्ज भरून होतो, दाखल्याची प्रत पाठवावयाची वेळ येते आणि पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राहते. कोणी म्हणतो, संगणक जुना झाला. कोणी म्हणतो, इंटरनेटच वाईट. मग नव्या संगणकांसाठी वर्गणी काढण्याची गोष्ट निघते. पण संगणक आणि इंटरनेटची पेटी यांच्यामध्ये एक तार असते. पुष्कळदा दोष तिच्यातच असतो आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. आज त्या तारेविषयी चार शब्द सांगतो.

लॅन केबलचे आवरण सोलून पाहा. आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी पीळ दिलेली. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. पिळाने सुताला बळ येते हे येथे कोणास शिकवावे लागत नाही. तारेच्या पिळाचे काम मात्र निराळे आहे. जोडीतील एका तारेतून संदेश जातो व दुसरीतून त्याच्या उलट. पलीकडचे यंत्र दोहोंतील फरक तेवढा वाचते. शेजारून विजेची वायर गेली असेल, तर तिचा उपद्रव पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखा पडतो आणि फरक काढताना वजा होऊन जातो. टेलिफोनच्या तारांसाठी या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली घेतले.

आता वेग पाहा. सेकंदाला एक गिगाबिट या वेगाच्या जोडणीत प्रत्येक जोडीतून सेकंदाला साडेबारा कोटी चिन्हे जातात. म्हणजे १०० मीटर तारेत एका वेळी सुमारे साठ चिन्हे एकामागे एक धावत असतात. इतक्या दाटीत थोडीशी गडबडही पुरेशी होते.

पहिली गडबड टोकाशी होते. आठ तारा प्लगमध्ये बसविताना नवखा माणूस एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, सात-आठ अशा जोड्या लावतो. नियम असा की एक-दोन ही एक जोडी, तीन-सहा ही दुसरी, चार-पाच ही तिसरी व सात-आठ ही चौथी. चुकीचा क्रम दोन्ही टोकांस सारखाच असेल, तर टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात आणि केबल पास होते. पण तीन व सहा क्रमांकाचा संदेश आता वेगवेगळ्या पिळांतून जातो आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट त्यात मिसळतो. छोट्या तारेत हे चालून जाते, लांब तारेत अडते. दिवे लागले म्हणजे तार अखंड आहे एवढेच समजावे. प्लगजवळ पीळही अर्ध्या इंचाहून अधिक सोडू नये.

दुसरी गडबड मध्ये होते. यवतमाळहून निघालेली शकुंतला गाडी जेव्हा धावत होती, तेव्हा मूर्तिजापूरला रुळांची रुंदी बदले आणि पुढे जाणाऱ्यास उतरून दुसरी गाडी धरावी लागे. तारेचाही असा एक ठरलेला गुण असतो. त्यास प्रतिबाधा म्हणतात. लॅन केबलमध्ये ती १०० ओहम असते. जेथे तार दाराखाली चेपली, काटकोनात वाकविली किंवा चिकटपट्टीने जोडली, तेथे ती बदलते. मग संदेशाचा काही भाग प्रतिध्वनीसारखा मागे फिरतो. तंत्रज्ञ याच प्रतिध्वनीवरून दोषाची जागा शोधतो. संदेश सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे २० सेंटिमीटर जातो. प्रतिध्वनी अशा शंभर भागांनी परतला, तर दोष दहा मीटरवर आहे. सबंध भिंत उकरण्याचे कारण नाही.

जोर लावून असा दोष जात नाही, हा धडा जगाने महागात घेतला. १८५८ साली अटलांटिक समुद्राच्या तळाशी पहिली तार टाकली. संदेश पुसट येऊ लागले, तेव्हा व्हाइटहाउस या अधिकाऱ्याने सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच अधू असलेली तार काही आठवड्यांत मेली. विल्यम थॉमसन यांचा मार्ग वेगळा होता. दाब कमी ठेवा, तार उत्तम करा आणि घेणारे यंत्र नाजूक करा, असे ते सांगत होते. पुढे तोच मार्ग खरा ठरला आणि १८७० साली सुएझ-एडनमार्गे आपली मुंबईही समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली.

विद्यार्थी मित्रहो, दोष शोधण्याची रीत वहीत लिहून ठेवा. एका वेळी एकच वस्तू बदला. प्रथम चांगली ठाऊक असलेली छोटी केबल लावून पाहा. चालली, तर संगणक निर्दोष आहे. मग संगणकावर जोडणीचा वेग पाहा. १००० च्या जागी १०० दिसत असेल, तर चारपैकी एखादी जोडी तुटल्याचा संशय घ्या. कारण १०० ला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. नंतर टोके तपासा, मग वाटेतली वाकणे, मग विजेच्या वायरीचा शेजार. लांबी १०० मीटरहून अधिक असेल, तर मध्ये स्विच बसवा किंवा काचतंतू वापरा. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या काचतंतूनेच मध्यवर्ती इमारतीस जोडल्या आहेत.

पालकांना माझी विनंती एवढीच की हे काम हलके समजू नका. यास चिकाटी, स्वच्छ हात आणि नोंद ठेवण्याची सवय लागते. हे गुण मुलांइतकेच मुलींतही आहेत. संस्थेच्या संगणक-खोलीची देखभाल दहावीनंतरच्या मुलामुलींना शिकविली, तर त्यांच्या हाती एक हुन्नर येईल आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी कोणाची शिष्यवृत्ती तारेपायी अडणार नाही.