दारातला चार्जर आणि मंजूर भार

घरात इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवायला परवाना लागतो का, असे मला गोव्यात डिचोली बाजारात अनेकदा विचारतात. उत्तर सरळ आहे: लागत नाही. गाडी चार्ज करणे ही वीजविक्री नव्हे, तर सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच केला. त्याच वर्षी डिसेंबरात मार्गदर्शक तत्त्वे आली, घरी आणि कचेरीत गाडी चार्ज करायला मुभा मिळाली. पुढे ती तत्त्वे बदलत गेली, 2024 मध्ये नव्याने लिहिली गेली, पण ही मुभा कायम राहिली. 2024 च्या ग्राहक हक्क नियमांनी तर मागणी केल्यास गाडीसाठी स्वतंत्र जोडणी द्यायला सांगितले आहे.

पण परवाना नाही म्हणून विचारणाच नको, असे समजू नका. स्कूटरचा चार्जर किलोवॅटभरही वीज घेत नाही, त्याची काळजी नको. मोटारीचा पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा चार्जर मात्र साधारण 3.3 किलोवॅट खेचतो, म्हणजे दीड टनाचे दोन एसी एकदम लावल्यासारखे. भिंतीवरचा 7.4 किलोवॅटचा चार्जर 32 अँपिअर घेतो, तोही तासन्‌तास. वीस वर्षांपूर्वी पंखे आणि फ्रिज धरून मंजूर झालेल्या भारात हे बसत नाही. वाड्यावर शंभर केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असेल आणि रात्री तीस घरांनी 3.3 किलोवॅटचे चार्जर एकदम लावले, तर त्याची जवळजवळ सगळी ताकद तिथेच संपते. म्हणून वीज खात्यात जाऊन भार वाढवून घ्या. न सांगता वापरलेल्या भाराचा हिशेब खात्याच्या नियोजनात येत नाही, आणि भोगतो अख्खा वाडा.

अर्थिंगचे तर मी कळवळून सांगतो. आपली जमीन जांभ्याची. एप्रिल-मे महिन्यांत ती कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. बहुतेक जुन्या घरांत तो कोणी मोजलेलाही नसतो. आणि आपण गाडी लावतो ती अंगणात, पावसात. चार्जरला स्वतंत्र सर्किट आणि 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी हवाच, आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून त्याचा चाचणी अहवाल घ्या. तारेत पैसे वाचवू नका.

आता भार वाढवून घेतानाची खरी अडचण, जागेच्या कागदांची. पालिका हद्दीत ज्याचे स्वतःचे आवार आहे, त्याचे काम सोपे. मये गावच्या माणसाचे काय? गोवा मुक्तीनंतर तिथल्या पोर्तुगीज काळातल्या काउंटच्या जमिनी स्थलांतरितांची मालमत्ता ठरून कस्टोडियनच्या ताब्यात गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या घरात राहणाऱ्यांचे नाव एक-चौदाच्या जमीन-उताऱ्यावर नव्हते. 2014 च्या कायद्याने काउंटची ती मालकी संपवली आणि सनदांचा मार्ग मोकळा झाला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर करून राहणारा मुंडकार, कोमुनिदादीच्या, म्हणजे गावसंस्थेच्या, जागेतले घर, यांचीही गत थोडीफार तशीच. अशा घराला वाढीव भार मागताना जमीनमालकाची ना-हरकत आणा, असे कोणी म्हटले, तर 2003 च्या वीज कायद्याचे कलम 43 दाखवा. वीज मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला आहे तसाच तिथे राहणाऱ्यालाही आहे. घरपट्टीची पावती आणि वीजबिल जपून ठेवा.

फ्लॅटवाल्यांचा प्रश्न वेगळा, तो पार्किंगच्या जागेचा. इंग्लंडमध्ये जून 2022 पासून पार्किंग असलेल्या नव्या घराला बिल्डरनेच चार्जिंगची सोय देणे बंधनकारक झाले. आपल्याकडे 2019 मध्ये नमुना इमारत उपविधींत वीस टक्के पार्किंगसाठी ही सोय सुचवली गेली, पण ती राज्यांसाठी शिफारस आहे. डिचोलीत नव्या इमारती उभ्या राहत आहेत. पायाचे काम चालू असतानाच पाइप आणि केबलची वाट ठेवायला सांगा; स्लॅब पडल्यावर तो खर्च प्रत्येक फ्लॅटवाल्याच्या बोकांडी बसतो.

आणि वीज खात्याला माझी विनंती आहे: वाढीव भाराच्या अर्जांची नोंद ट्रान्सफॉर्मरवार ठेवा, आणि मयेच्या अर्जदाराला परत पाठवण्याआधी कोणता कागद कमी आहे ते लेखी द्या.